आधी खुर्ची मोजा, मग भिंत फोडा – दिव्यांगांसाठी घरातले बदल (कोल्हापूर)

ओळंबा
घरात चाकाची खुर्ची आली, की पहिला फोन गवंड्याला जातो आणि तो येऊन दारात रॅम्प ओततो. सहा महिन्यांनी कळतं की रॅम्प चढता येतो, पण न्हाणीघराच्या दारातून खुर्ची आत जात नाही. पैसे संपलेले असतात. हे टाळता यावं म्हणून हा धागा. कोल्हापुरातली घरं डोळ्यांसमोर ठेवून मापांसकट लिहूया. जुनी पेठेतली घरं, उपनगरातले बंगले आणि फ्लॅट, तिन्ही.

कामाचा क्रम माझ्या मते असा: माणूस, खुर्ची, संडास-न्हाणी, मग आतली दारं आणि सर्वात शेवटी बाहेरचा रॅम्प. बाहेर जाताना दोघांनी उचलून नेता येतं. संडासला रोज चार वेळा उचलून घ्यावं लागलं तर त्याला स्वतंत्र जगणं म्हणत नाहीत.

माणूस मोजायचा म्हणजे काय? ज्याच्यासाठी काम आहे त्याला खुर्चीत बसवून पाच मापं घ्या. खुर्चीची बाहेरून बाहेर रुंदी (साधारण २४ ते २६ इंच) आणि चाक ढकलताना बोटांची पेरं बाहेर येतात ती धरून रुंदी. गादीसकट बैठकीची उंची (बहुतेक १९ ते २० इंच). पाय ठेवायच्या पट्टीपासून मागच्या चाकापर्यंतची लांबी. गुडघ्याची उंची. आणि बसल्या जागी हात वर, खाली, पुढे किती पोचतो ते. शेवटचं माप कुणी घेत नाही आणि स्विच, नळ, कडी सगळं त्याच्यावरच ठरतं. शक्य असेल तर फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट एकदा घरी आणा. त्यांनी दवाखान्यात बसून दिलेला सल्ला आणि तुमची मोरी बघून दिलेला सल्ला यात फरक पडतो.

आजार वाढत जाणारा असेल (मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारखा) तर आजच्या ताकदीवर मापं ठरवू नका. आज काठीवर चालणाऱ्या माणसाचं दारही खुर्चीच्या मापानं करा. चौकट दोनदा बदलणं फार महागात जातं.

---

परडं
दाराबद्दल. मिस्त्री "अडीच फुटाचं दार आहे" म्हणतो ते चौकटीचं माप. आपल्याला हवं ते मोकळं माप: फळी ९० अंशात उघडून, फळीच्या तोंडापासून समोरच्या चौकटीच्या पट्टीपर्यंत. अडीच फुटी चौकटीत ते २६ इंचाच्या आसपास भरतं. २५ इंची खुर्ची कागदावर जाते, प्रत्यक्षात हाताची सालं निघतात. समोरून सरळ शिरायचं असेल तर ३० इंच मोकळे हवेत. अरुंद बोळातून वळून शिरायचं असेल तर ३६.

चौकट फोडायच्या आधी बघायच्या गोष्टी:

फळी काढून बाहेरच्या बाजूने सरकतं दार लावलं तर फळीच्या जाडीचे आणि बिजागरीचे मिळून दीड-दोन इंच फुकट मिळतात. कधी कधी तेवढ्यानंच भागतं.

न्हाणीघराचं दार आत उघडणारं असेल तर ते आधी बाहेर उघडणारं करा. माणूस आत पडला आणि दाराला आडवा झाला तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. कडीही बाहेरून नाण्यानं फिरवता येईल अशी घ्या.

पेठेतल्या जुन्या घरात भिंत पांढऱ्या मातीची, दीड फूट जाडीची असते आणि तीच वरचा माळा पेलते. तिथं चौकट रुंद करायची तर आधी वर नवीन लिंटेल (चौकटीवरचं वजन पेलणारी आडवी तुळई), खाली टेकू, मग फोडकाम. दोन्ही बाजूंना किमान ६ ते ९ इंच टेकण मिळालं पाहिजे. "लाकडी तुळई आहे की वर" असं म्हणून थेट घाव घालणाऱ्याला काम देऊ नका.

---

तांबडी_वाट
उंबऱ्याचं काय? घरात वडीलधारे उंबरा काढू देत नाहीत.

---

परडं
@तांबडी_वाट, काढूच नका. उंबऱ्याला दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर बसवा. २ इंच उंच उंबरा असेल तर प्रत्येक बाजूला किमान १६ इंच लांब (१ ला ८), जागा असेल तर २४ इंच. पाचर एकाच बाजूला लावली तर पुढची चाकं पलीकडे आदळतात आणि माणूस पुढे झुकतो. खाली रबर लावा आणि स्क्रूनं पक्की करा, नुसती ठेवलेली पाचर सरकते. हळदकुंकवाला उंबऱ्याचा वरचा भाग मोकळा राहतो.

---

उद्यमनगरी
रॅम्पवर थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका इथं होतात.

उतार १ ला १२. म्हणजे १ इंच चढाला १२ इंच लांबी. तीन पायऱ्या, प्रत्येकी ६ इंच, म्हणजे १८ इंच चढ आणि १८ फूट रॅम्प. हे ऐकून लोक दचकतात आणि ८ फुटांत बसवतात. तो उतार १ ला ५ च्या जवळ जातो. तिथं खुर्ची मागे उलटते आणि खाली येताना मागून धरणाऱ्याचे पाय सुटतात.

दुसरी चूक: चढ मोजताना पायऱ्यांची बेरीज करणं. रॅम्पचं टोक पायरीशी संपत नाही, ते १८ फूट पुढे जातं आणि तिथं अंगण किंवा रस्ता ४ इंच खाली असू शकतो. मग चढ २२ इंच झाला. लेव्हल पाईपमध्ये पाणी भरून, एक टोक दाराच्या फरशीशी आणि दुसरं टोक रॅम्प जिथं संपणार तिथं धरून मोजा. पाईपमध्ये बुडबुडा राहिला तर माप चुकतं, आधी झटकून काढा.

रुंदी सार्वजनिक इमारतीला १२०० मिमी सांगितली आहे. घरात जागाच नसेल तर कठड्यांच्या मध्ये ३ फूट मोकळे ठेवून भागवता येतं. वर दारासमोर ५ बाय ५ फुटांची सपाट जागा हवीच. ती नसेल तर माणूस उतारावर खुर्ची एका हाताने धरून दुसऱ्या हाताने कुलूप उघडणार कसं? वळण असेल तिथंही ५ बाय ५. सलग ९ मीटरनंतर विश्रांतीची सपाट जागा. दोन्ही कडांना ३ इंच उंच काठ, म्हणजे पुढचं चाक बाहेर घसरत नाही. कठडा दोन उंचीवर: ७६० आणि ९०० मिमी, आणि रॅम्प संपल्यावर १ फूट पुढे.

पृष्ठभाग: आपल्याकडचा पाऊस लक्षात घ्या. घोटलेला सिमेंटचा कोबा जुलैत शेवाळतो आणि साबणासारखा होतो. कोबा ओला असतानाच खराट्यानं आडवं फिरवून खरबरीत करा, उतारावरच्या पाण्याला बाजूनं वाट द्या. लोखंडी रॅम्प करणार असाल तर चेकर्ड प्लेट ओली झाली की घसरते, तिच्यावर वाळू मिसळलेला अँटीस्किड पेंट द्यावा लागतो आणि तो दरवर्षी पावसाआधी पुन्हा. जाळीचा रॅम्प पाण्याला चांगला, पण भोक १२ मिमीपेक्षा मोठं असेल तर पुढचं छोटं चाक अडकतं.

फॅब्रिकेशनचा भाव किलोवर सांगतात. म्हणून आधी पाईपचं माप आणि जाडी कागदावर लिहून घ्या, नाहीतर भाव कमी दाखवून पातळ पाईप येतो.

---

रंकाळाकाठ
मंगळवार पेठेतलं घर आहे. जोतं २१ इंच, दारासमोर गल्ली ८ फूट, मागं परडं १४ बाय २२ फूट. रॅम्प बसतो का?

---

उद्यमनगरी
पुढून नाही. २१ फूट रॅम्प ८ फुटी गल्लीत बसत नाही, शिवाय गल्लीतली गटार आणि रस्ता महापालिकेचा, तिथं एक वीटही परवानगीशिवाय ठेवता येत नाही.

मागून बसतो. दोन पट्ट्यांत करा: साडेदहा फूट जायचं, ५ फुटांची सपाट जागा, वळून साडेदहा फूट यायचं. दोन्ही पट्ट्या मिळून कठड्यांसकट ८ फूट रुंदी लागेल. लांबी साडेदहा अधिक वळणाचे ५ अधिक दारासमोरचे ५, म्हणजे साडेवीस. २२ फुटांत बसलं. पण परड्यातून गल्लीत निघायला वाट आहे का, आणि ती किती रुंद आहे, हे आधी बघा. ती वाट अडीच फुटी असेल तर सगळा हिशेब वाया.

वाट नसेल तर पुढच्या सोप्यात उभी लिफ्ट (प्लॅटफॉर्म वर-खाली होणारी) हा पर्याय. प्लॅटफॉर्म साधारण ३ बाय ४ फूट. कोल्हापुरात असली कामं करणारे हात आहेत, पण साखळीवर नुसता पाळणा टांगून घेऊ नका. या गोष्टी लेखी मागा: प्लॅटफॉर्म वर आल्याशिवाय वरचं फाटक उघडणार नाही असं कुलूप, वर-खाली दोन्हीकडे लिमिट स्विच, हायड्रॉलिक असेल तर होज फुटल्यावर प्लॅटफॉर्म धाडकन न पडू देणारा व्हॉल्व्ह, प्लॅटफॉर्मखाली काही आलं तर थांबवणारी पट्टी आणि वीज गेल्यावर हाताने उतरवायची सोय. यातलं एकही नको म्हणणाऱ्याकडून काम नको.

---

ओळंबा
संडास-न्हाणी. इथं एक प्रश्न आधी सोडवा, बाकी सगळं त्यावर अवलंबून: माणूस खुर्चीतून कमोडवर सरकणार आहे, की चाकाची न्हाणी-कमोड खुर्ची थेट कमोडच्या वर नेणार आहे?

सरकणार असेल तर कमोडची बैठक खुर्चीच्या गादीशी जवळपास समपातळीत हवी. ४५० ते ४८० मिमी सांगतात. साधा कमोड १६ इंचाचा असतो, त्याला खाली ओटा करून उंची देतात. तो ओटा कमोडच्या पायाएवढाच ठेवा. गवंडी दिसायला बरं म्हणून चारी बाजूंनी ४ इंच बाहेर काढतो, मग खुर्चीची पावलं त्याला अडतात आणि खुर्ची जवळच जात नाही. सरकायच्या बाजूला ३ फूट मोकळी जागा लागते. बेसिन, बादली, कपड्यांची टोपली, काहीही तिथं नको.

वर नेणार असेल तर कमोड उंच करू नका. न्हाणी-कमोड खुर्चीच्या बैठकीखाली साधारण १७ इंच मोकळे असतात, उंच केलेल्या कमोडवर ती चढणारच नाही. अशी खुर्ची आधी विकत आणा, खालची मोकळी उंची मोजा, मग कमोड निवडा. मागची टाकीही खुर्चीच्या पाठीला अडते का ते बघा.

४ बाय ६ च्या न्हाणीघरात खुर्ची वळवायला जागा नसते (पूर्ण वळायला ५ फूट व्यासाचं वर्तुळ लागतं). तिथं न्हाणी-कमोड खुर्ची उलटी मागे कमोडवर न्यायची आणि सरळ पुढे आणायची, हा मार्ग जास्त सोपा पडतो.

---

व्यवसायोपचार
ओळंबा यांच्या मुद्द्याला जोडून. अर्धांगवायूत हाताचा आधार चांगल्या बाजूला लागतो. उजवी बाजू गेली असेल तर दांडा बसल्यावर डाव्या हाताला यायला हवा, जेट स्प्रेही डावीकडे. मिस्त्री सवयीनं सगळं उजवीकडे लावतो. काम सुरू व्हायच्या आधी भिंतीवर खडूनं खूण करा, आणि ती खूण त्या माणसाला प्रत्यक्ष कमोडवर बसवून करा.

आडवा दांडा बैठकीपासून ८ ते १० इंच वर. उठताना धरायचा उभा दांडा कमोडच्या पुढच्या कडेपासून ६ ते ८ इंच पुढे, कारण उठताना माणूस आधी पुढे झुकतो आणि मग वर येतो. दांडा मागे असेल तर तो स्वतःला मागे ओढत बसतो. सरकायच्या बाजूला भिंत नसते, तिथं घडीचा दांडा.

पलंगही विसरू नका. गादी दबल्यावर त्याची उंची खुर्चीएवढी असावी. खुर्चीची पावलं आत जातील एवढी खाली जागा हवी, म्हणून खाली बॉक्स असलेला दिवाण इथं चालत नाही. पलंगावरून खुर्चीत सरकायची फळी सुतार करून देतो: १८ मिमी प्लाय, ८ इंच रुंद, २६-२८ इंच लांब, दोन्ही टोकं खालून तासून पातळ केलेली, वर गुळगुळीत पॉलिश. कडेचं एक कुसळ राहिलं तरी, संवेदना नसलेल्या माणसाला जखम झालेली कळत नाही आणि ती चिघळते. फळीवरून हात फिरवून बघा, कापूस फिरवून तर नक्कीच बघा. कापूस अडकला तर पुन्हा घासा.

मणक्याच्या दुखापतीत गरम पाणी हा मोठा धोका. सोलरचं पाणी उन्हाळ्यात ६०-७० अंशांवर जातं. पायाला चटका जाणवत नाही, म्हणून आधी गार नळ आणि मग गरम ही सवय, आणि शक्य असेल तर ४० अंशांच्या आसपास लावलेला थर्मोस्टॅटिक मिक्सर. बंबातून कळशीनं पाणी नेणं बंदच करा.

---

तांबडी_वाट
भिंतीत दांडा किती पक्का बसतो? बाजारात व्हॅक्यूमनं चिकटणारे पण मिळतात.

---

उद्यमनगरी
व्हॅक्यूमचे चिकटवायचे दांडे वजन टाकण्यासाठी नाहीतच. टाइल जरा ओली किंवा खरबरीत असली की सुटतात, आणि सुटतात ते नेमके माणूस लटकल्यावर. टॉवेलचा रॉडही आधार नव्हे.

स्टेनलेसचा पाईप, बाहेरून ३२ ते ४० मिमी, भिंतीपासून मोकळं अंतर ३५ ते ४० मिमी. जास्त अंतर ठेवलं तर हात घसरून कोपर मागे अडकतं. ग्रेड ३०४ मागा. २०२ स्वस्त पडतं, पण न्हाणीघरात सांध्यावर गंजाचे डाग येतात. लोहचुंबक लावून ओळखता येत नाही, २०२ लाही तो चिकटत नाही. ग्रेड ओळखायचं रसायन मिळतं, एक थेंब टाकून रंग बघतात. दुकानदारालाच करून दाखवायला सांगा.

आता भिंत. पक्क्या विटांची ९ इंची भिंत असेल तर १० मिमीचा अँकर फास्टनर, गिलावा आणि टाइल सोडून विटेत किमान अडीच इंच. टाइलमधून भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवून डायमंड बिट वापरा, नाहीतर टाइल तडकते. टाइल आधी नाण्यानं वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर तिथं प्लेट बसवू नका, आवळताना फुटेल. साडेचार इंची भिंतीत आणि हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर सैल होतो, तिथं आरपार बोल्ट आणि मागून ६ मिमीची ८ बाय ८ इंची पट्टी. पांढऱ्या मातीच्या भिंतीवर तर भरवसाच नको. तिथं जमिनीतून उभा केलेला पाईप, खाली कोब्यात ९ इंच गाडून काँक्रीट केलेला.

बसवल्यावर तपासा. दांड्याला दोरीनं सिमेंटची दोन पोती (१०० किलो) टांगा, दहा मिनिटं ठेवा. प्लेट आणि टाइल यांच्या फटीत कागद सरकायला लागला तर फास्टनर ओढला गेला. काढून पुन्हा करा.

---

ओळंबा
न्हाणीची फरशी: जुनी मोरी घरापेक्षा २ ते ४ इंच खोल असते. ती भरून वर घ्यावी लागते, मग पाणी बाहेर येईल ही भीती खरी आहे. त्यासाठी दाराच्या रेषेवर आडवी लांब जाळीची नाली आणि आतल्या ट्रॅपकडे ६० ला १ उतार. भरण्याआधी वॉटरप्रूफिंग करून २४ ते ४८ तास पाणी साठवून बघा. टाइल १ फूट बाय १ फूट किंवा लहान. मोठ्या टाइलला चारी बाजूंनी उतार देता येत नाही आणि मध्ये पाणी थांबतं.

वीज: गीझर आणि न्हाणीच्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच). स्विच जमिनीपासून दीड ते साडेतीन फुटांत.

---

सैपाकघर
स्वयंपाकघर राहिलं. उभ्यानं वापरायचा कट्टा ३२ ते ३४ इंच असतो, खुर्चीतून ३० इंच बरा. पूर्ण कट्टा तोडायची गरज नाही. तीन फूट रुंदीचा एक भाग खाली घ्या, त्याच्याखाली कपाट नको, २७ इंच उंच आणि १८ इंच खोल गुडघ्याची जागा मोकळी. कडप्प्याचा उभा आधार मध्येच येतो तो बाजूला घ्या, त्याऐवजी भिंतीतून लोखंडी ब्रॅकेट.

गॅसची शेगडी कट्ट्यावर ५ इंच चढते, बसलेल्याला कढईत काय शिजतंय ते दिसतच नाही. म्हणून शेगडी कट्ट्यात खोल बसवतात. इथं सांभाळा: शेगडी सिलिंडरच्या वरच्या पातळीत असली पाहिजे. घरगुती सिलिंडर रेग्युलेटरसकट दोन फुटांवर जातो, त्यामुळे शेगडी फार खाली नेता येत नाही. नळी ताणू नका, जोड देऊ नका, आणि सिलिंडरचा खटका बसल्या जागेवरून हाताला आला पाहिजे. हे जमत नसेल तर खालच्या भागावर इंडक्शन ठेवा.

सिंक ५-६ इंच खोल, ट्रॅप मागे भिंतीकडे. गरम पाण्याच्या पाईपला वेष्टण घाला, गुडघे भाजतात. आणि गरम पातेलं मांडीवर ठेवून नेऊ नये, त्यासाठी कड असलेला लाकडी ट्रे.

---

करवीर_वाचक
कमी दिसणाऱ्यांसाठी पण लिहा की कुणीतरी. त्यांना रॅम्प नको असतो.

---

व्यवसायोपचार
बरोबर. तिथं खर्च कमी आणि शिस्त जास्त. पायरीच्या कडेला २ इंचाची पिवळी पट्टी, प्रत्येक पायरीला, पहिल्या-शेवटच्याच नाही. पांढऱ्या टाइलवर पांढरा दांडा दिसत नाही, गडद रंगाचा घ्या. दार एकतर पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, अर्धवट उघड्या दारावर कपाळ आपटतं. चकचकीत फरशीवर खिडकीचा उजेड परावर्तित होतो आणि ती ओली वाटते, तिथं पडदा. घरातल्या वस्तूंची जागा न विचारता बदलू नये.

ऐकू न येणाऱ्यांसाठी बेलला जोडलेला लुकलुकणारा दिवा, झोपायच्या खोलीत आणि स्वयंपाकघरात दोन्हीकडे.

---

पोच_पावती
पैशांचं आणि कागदांचं.

आधी दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र). अर्ज ऑनलाइन, तपासणी सीपीआर या सरकारी रुग्णालयात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि बहुतेक लाभांना ४० टक्क्यांची अट आहे.

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. तो कशावर खर्च करायचा हे त्या त्या ठिकाणी ठरतं, म्हणून "काही योजना आहे का" असं तोंडी विचारू नका. लेखी अर्ज द्या: काय काम, मापं, अंदाजपत्रक, सध्याच्या अडचणीचे फोटो, यूडीआयडी, रहिवासाचा पुरावा, बँक पासबुक. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का. आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला दिला तर बरं, मार्चमध्ये निधी वाटून झालेला असतो. आणि फोटो काढायच्या आधी काम सुरू करू नका.

केंद्राच्या एडिप योजनेतून साधनं मिळतात (खुर्ची, तीनचाकी, कुबड्या, श्रवणयंत्र), बांधकाम नाही. शिबिरात खुर्ची घेताना रुंदी विचारा. मोठी खुर्ची मिळाली की आपली सगळी दारं लहान होतात.

प्राप्तिकर भरणाऱ्यांनी: जुन्या करपद्धतीत दिव्यांग व्यक्तीला ८०यू नावानं ओळखली जाणारी ७५,००० रुपयांची वजावट आहे, ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,०००. खर्चाच्या पावत्या लागत नाहीत, दाखला लागतो.

फ्लॅटमध्ये सामाईक जागेत रॅम्प किंवा दांडा हवा असेल तर सोसायटीला नकाशासह लेखी मागणी आणि सर्वसाधारण सभेत ठराव. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी संमती, आणि शक्यतो काढून नेता येतील अशाच वस्तू.

---

रंकाळाकाठ
मोजून आलो. परड्यातून बोळ निघतो, ३ फूट ४ इंच, शेवटी गटारीवर फरशी टाकलीय. आणि आमच्या भागात पुराचं पाणी येतं.

---

उद्यमनगरी
३ फूट ४ इंच चालेल, बोळ सरळ असेल तर. शेवटी काटकोनात वळायचं असेल तर कोपऱ्यातली भिंत फूटभर तिरकी कापावी लागेल. गटारीवरची फरशी हलते का बघा, आणि दोन फरश्यांमधली फट १२ मिमीच्या आत आणा.

पुराचा भाग असेल तर रॅम्प लोखंडी न करता काँक्रीटचा करा, भराव मुरमाचा आणि पाणी उतरताना बाहेर पडायला खाली दोन पाईप, नाहीतर भराव वाहून पोकळ होतो. खालच्या मजल्यावरचे सॉकेट आणि चार्जिंग पॉइंट हात पोचेल तेवढे वर. बॅटरीची खुर्ची पाण्यात गेली की संपली, तिला वरच्या मजल्यावर न्यायची तजवीज जूनमध्येच करून ठेवा.

---

व्यवसायोपचार
आणि माणसाची तजवीज त्याआधी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. बाकीचे ४३ ची वाट बघतात. खुर्चीतल्या माणसाला ३९ लाच हलवा, कारण पाणी गुडघाभर झालं की खुर्ची ढकलता येत नाही आणि बोटीत खुर्ची चढवता येत नाही. पिशवीत गादी, कॅथेटर, औषधं, सरकायची फळी. जिथं हलवणार त्या घराच्या संडासाचं दार आजच मोजून ठेवा.

---

रंकाळाकाठ
बहिणीकडे न्यायचं ठरलंय. दार मोकळं २५ इंच, खुर्ची २४.

---

परडं
अडकेल. फळी बिजागरीतून काढून ठेवायला सांगा आणि जागी जाड पडदा लावा. पिना सैल करून, तेल घालून ठेवल्या तर पाच मिनिटांचं काम आहे.